वीज आली, पण सर्व्हर उठेना

सकाळी ८:१०
ग्रंथपाल मॅडमचा फोन. रात्री वीज गेली, यूपीएसही तग धरू शकला नाही. आता वीज आहे, पण सर्व्हर उठत नाही. कॉलेजच्या ग्रंथालयाची सगळी देवघेव त्या एका उबुंटू मशीनवर चालते.

८:४५
स्क्रीनवर ‘कर्नल पॅनिक’, त्यापुढे ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’. म्हणजे कर्नल सुरू झालं, पण मुख्य डिस्क त्याला उघडता आली नाही. डिस्कचे ड्रायव्हर ज्या फाइलमधून सुरुवातीला मिळतात ती इनिटरॅमएफएस हाती लागली नसावी. हार्डवेअरचं काम बघणारा मुलगा पेनड्राइव्ह घेऊन तयारच होता. ‘सर, फॉरमॅट मारू? तासाभरात नवीन टाकून देतो.’ मी ठाम नाही म्हटलं. काय बिघडलंय ते न बघता फॉरमॅट मारायची ही सवय मला मनापासून खटकते. वर्षानुवर्षांच्या नोंदी त्याच डिस्कवर आहेत आणि त्या खराब झाल्याचं स्क्रीनवर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

९:००
रीस्टार्ट. एस्केप दाबून ग्रबचा मेन्यू आणला, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचं कर्नल निवडलं. मशीन व्यवस्थित सुरू झालं. काउंटरवर मुलं होतीच.

११:३०
आता कारण शोधायचं. ‘डीएफ’ चालवलं, तर बूटच्या पार्टिशनसमोर १०० टक्के. जेमतेम ५०० एमबीची जागा, त्यात जुन्या कर्नलांची गर्दी. अपग्रेडचे लॉग उघडले आणि सगळं उलगडलं. गेल्या आठवड्यात पहाटे सहानंतर आपोआप अपग्रेड झालं, नवं कर्नल आलं, त्याची इनिटरॅमएफएस बनता बनता ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. पॅकेज अर्धवट राहिलं, ग्रबच्या यादीत मात्र नवं कर्नल पहिल्या नंबरावर. चालू मशीन रीस्टार्ट होईपर्यंत जुन्याच कर्नलवर चालत राहतं, म्हणून इतके दिवस कुणाला पत्ता लागला नाही. सगळे विजेला बोल लावत होते.

३:००
डेटाबेसचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर.

५:३०
काउंटर बंद. ‘यूनेम -आर’ने आधी चालू कर्नल कोणतं ते पाहिलं. त्याला हात लावायचा नाही, नव्यात काही बिनसलं तर परतायला तेच आहे. सगळ्यात जुनं कर्नल काढलं, जागा झाली. मग ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’. अडकलेलं पॅकेज पुढे सरकलं, इनिटरॅमएफएस तयार झाली. ‘अपडेट-ग्रब’ चालवून त्याची कॉन्फिग फाइल उघडली. नव्या कर्नलखाली ‘इनिटआरडी’ची ओळ दिसली, तेव्हाच रीबूट दिला.

६:१५
नव्या कर्नलवर लॉगिन. मॅडमना एक पुस्तक देऊन-घेऊन बघायला सांगितलं. नोंद बरोबर पडली. अपग्रेड फसलं तर मेल यावी अशी सोय केली आणि यूपीएसच्या नव्या बॅटरीसाठी प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहून दिला.