जुना पत्रा कसा उतरवणार, हे आधी विचारा

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला चिंचोटीच्या एका वस्तीतून एका ताईंनी आम्हाला बोलावलं, ते खोकल्यासाठी. त्यांच्या सासूबाईंचा दमा जुना, पण त्या जूनमध्ये तो रोज रात्री उसळत होता. औषध बदलून झालं, पंप बदलून झाला. आम्ही घरात शिरलो आणि डॉक्टरची चिठ्ठी हातात घ्यायच्या आधीच भिंत दिसली. पलंगामागची भिंत वरून खालपर्यंत ओली, तिच्यावर काळ्या बुरशीचे ठिपके, आणि गादीचा कोपरा दाबला तर बोटाला पाणी. छप्पर मात्र नवंकोरं होतं. मे महिन्यातच बचत गटाचं कर्ज काढून घातलेलं.

ठेकेदार ओळखीचा होता. विहाराच्या कार्यक्रमात पुढे असणारा, रस्त्यात भेटला की आधी 'जयभीम' घालणारा. त्यामुळे ना कागद झाला, ना कुणी चौकशी केली, आणि जवळजवळ सगळे पैसे काम संपायच्या आधीच देऊन झाले. गळती सुरू झाल्यावर चार फोन केले तेव्हा त्याने विशीही न ओलांडलेला एक पोरगा पाठवला. ओल्या छपरावर जाताना पोराने शेजारच्या घराच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर पाय दिला. पत्रा फुटला आणि पोरगा सरळ खाली आला. टाचेचं हाड मोडलं, तीन महिने काम बंद. ठेकेदार दवाखान्यात फिरकला नाही. तो पोरगाही आपल्याच समाजाचा, पलीकडच्या वस्तीतला.

एका छपराने अशी दोन घरं आजारी पाडली. म्हणून यंदा पावसाच्या तोंडावर हे आरोग्याचं पान आम्ही ठेकेदाराला दिलं आहे.

चिंचोटीला छपराचं काम करणाऱ्यांची कमी नाही. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना आणि कामणवरून भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्याला शेड आणि गोदामं उभी आहेत, त्यांची लोखंडी कामं करणारे फॅब्रिकेटर मधल्या काळात घरांची छपरंही घेतात. त्यांतले कित्येक हाताने चांगले आहेत. पण गोदामाची शेड आणि आपलं दहा बाय पंधराचं घर यांत फरक आहे. गोदामात पत्र्याखाली कुणी झोपत नाही. शिवाय मे महिना उजाडला की ज्याच्याकडे शिडी आणि ड्रिल मशीन आहे तो प्रत्येक जण ठेकेदार होतो. वादळानंतर तर विचारूच नका. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा हजारो घरांची छपरं उडाली, आणि पुढच्याच वर्षी मे २०२१मध्ये तौक्ते आपल्या पालघरच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेलं. ताडपत्रीखाली बसलेल्या माणसाला भाव करायची ताकद नसते, आणि ही गोष्ट लबाड माणसाला बरोबर कळते. म्हणून काम मार्च-एप्रिलमध्ये काढा. तेव्हा नाही म्हणायची मोकळीक आपल्या हातात असते.

ठेकेदार घरी आला की भाव विचारण्याआधी एकच प्रश्न विचारा: जुने पत्रे कसे उतरवणार?

हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यात सगळं आहे. आपल्या वस्त्यांमधला राखाडी 'सिमेंटचा पत्रा' हा बहुतेक करून अ‍ॅसबेस्टॉसचा असतो. सिमेंट हे त्याचं नाव झालं, त्यात मिसळलेले बारीक तंतू म्हणजे अ‍ॅसबेस्टॉस. पत्रा अखंड, धड असेपर्यंत तंतू त्यात अडकून राहतात. तो फोडला, कटरने कापला, त्याला भोक पाडलं किंवा तो उन्हापावसाने जीर्ण होऊन पिठासारखा सुटू लागला, की तंतू हवेत उडतात. डोळ्याला ते दिसत नाहीत, वासही येत नाही, आणि श्वासातून फुप्फुसात गेले की बाहेर पडत नाहीत. त्यातून फुप्फुसं कडक होतात, फुप्फुसाचा कर्करोग होतो, फुप्फुसाच्या आवरणाचाही होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सगळ्या प्रकारच्या अ‍ॅसबेस्टॉसला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटीने वाढतो. अनेक देशांनी तो पूर्ण बंद केला, आपल्याकडे हे पत्रे अजून राजरोस विकले जातात.

रोग लगेच दिसत नाही, वीस-तीस-चाळीस वर्षांनी दिसतो. २७ जानेवारी १९९५ला सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅसबेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला तेव्हा कामगाराचं आरोग्य हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं, आणि त्यांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षं, यांत जे नंतर असेल तोपर्यंत, जपायला लावल्या. चाळीस वर्षं का, ते यावरून कळतं. आज पत्रा फोडणारा पोरगा साठीला पोचल्यावर खोकत बसेल, तेव्हा त्या छपराची आठवणही कुणाला नसेल.

तर ठेकेदार काय उत्तर देतो ते नीट ऐका. 'हातोड्याने दणादण फोडून तासात मोकळं करतो' असं म्हणाला, तर चहा पाजून निरोप द्या. जाणकार माणूस सांगेल की आधी पत्र्यावर पाणी मारू, नट ढिले करू, गंजलेले हुक कापू, आणि पत्रा अख्खाच खाली घेऊ, वरून टाकणार नाही. उतरवलेले पत्रे ओले असतानाच जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळू. मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवा असंही तोच म्हणेल. भांडी, धान्य, पिण्याचं पाणी झाकून ठेवायचं, नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसायचं, आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवायचे. तोंडाला रुमाल बांधून हे तंतू अडत नाहीत, त्यासाठी बारीक धूळ अडवणारा, तोंडाला घट्ट बसणारा मास्क लागतो. आणि एक सवय आपण आजच सोडू या: फुटलेल्या तुकड्यांनी मोरीपुढचा चिखल बुजवायचा, कोंबड्यांचं खुराडं झाकायचं. त्या तुकड्यांवर रोज पाय पडतो, रोज भुगा होतो, आणि तिथेच आपली मुलं खेळतात. गोदामावरून उतरवलेले जुने सिमेंटचे पत्रे 'अर्ध्या भावात' कुणी आणून दिले तरी घेऊ नका.

याच प्रश्नाचा दुसरा भाग म्हणजे वर चढणारा माणूस. सिमेंटचा पत्रा वरून दगडासारखा दिसतो आणि पायाखाली पापडासारखा मोडतो. त्यावर चालायचं तर खालच्या पाइपाच्या किंवा वाशाच्या रेषेत, हुक जिथे दिसतात तिथे, आणि तेही आडव्या फळ्या टाकून. कमरेला दोर हवा, आणि तो भक्कम जागी बांधलेला हवा. पावसात चढायचंच नाही. ठेकेदाराकडे फळ्या आणि दोर आहेत का, हे डोळ्यांनी बघा. त्याची माणसं बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदलेली आहेत का, हेही विचारा. वर्षात ९० दिवस बांधकामाचं काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या कामगाराला ती नोंदणी करता येते, आणि अपघात झाला तर घरच्यांना तोच एक आधार असतो. काही जण म्हणतील, ही ठेकेदाराची भानगड, आपल्याला काय? मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३मध्ये बाबासाहेब धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले, तेव्हा वरच्या कचेरीत बसून अहवाल न मागवता स्वतः खाणीत उतरले होते. आपण निदान आपल्याच घरावर कोण आणि कसा चढतो आहे, तेवढं तरी मान वर करून बघावं. आणि आमचा अनुभव असा, की जो आपल्या पोरांच्या जिवाला जपतो तो तुमच्या घरालाही जपतो. दुसऱ्या कुठल्याही खुणेपेक्षा ही खूण आम्हाला जास्त भरवशाची वाटते.

आता त्याचं जुनं काम. सगळेच ठेकेदार गेल्या महिन्यातलं घर दाखवतात. ते चमकणारच. तुम्ही म्हणा, 'दादा, दोन पावसाळे खाल्लेलं घर दाखवा.' तिथे जाऊन घरच्या बाईशी बोला, कारण बादल्या कुठे ठेवाव्या लागतात ते तिलाच ठाऊक असतं. गळती झाल्यावर ठेकेदार परत आला का, हे तिला विचारा. मग छपराकडे बघा. पन्हाळी पत्र्याचे हुक उंचवट्यावर मारलेले हवेत. पाणी वाहतं त्या खोलगट भागात मारले असतील तर आज ना उद्या तिथून गळणारच. ताईंच्या घरी नेमकं हेच झालं होतं. प्रत्येक हुकाखाली रबराचा वायसर हवा. वरचा पत्रा खालच्या पत्र्यावर चांगला वीतभर चढलेला हवा, आणि भिंतीला छप्पर मिळतं ती फट सिमेंटचा गोळा थापून नव्हे, तर पट्टी बसवून बंद केलेली हवी.

पत्र्याच्या जाडीत सर्वात जास्त फसवणूक होते. भाव अर्ध्या मिलिमीटरचा, येतो पातळ. हाताने दाबून आपल्याला कळत नाही, पण काट्याला कळतं. एक चौरस मीटर लोखंडी पत्रा ०.५० मिमी जाड असेल तर त्याचं वजन सुमारे ३.९ किलो भरतं, ०.३५ मिमी असेल तर पावणेतीन किलोच. दहा फूट लांबीचा पन्हाळी पत्रा घ्या. त्याच्या लाटांवरून सुतळी खालीवर फिरवून खरी रुंदी मोजा. ती चार फूट निघाली तर अर्ध्या मिमीचा पत्रा साधारण साडेचौदा किलोचा हवा. दहा किलोच्या आसपास भरला तर समजा की ०.३५चा माल गळ्यात मारला जातोय. भंगारवाल्याचा काटा यासाठी पुरेसा आहे. चांगल्या कंपनीच्या पत्र्यावर जाडी छापलेलीही असते, ती वाचून मगच टेम्पो रिकामा करू द्या.

जमत असेल तर माल स्वतः दुकानातून पक्क्या बिलावर घ्या आणि ठेकेदाराला फक्त मजुरी द्या. तेवढं जमत नसेल तर निदान कागद करा. वहीचं साधं पान चालेल: पत्र्याची जाडी, किती नग, लोखंडी पाइप कुठला, जुने पत्रे कोण आणि कसे नेणार, काम किती दिवसांत, गळलं तर किती वर्षं फुकट दुरुस्ती, पैसे कधी किती. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. आगाऊ रक्कम एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, आणि दहावा हिस्सा पहिला मोठा पाऊस होऊन जाईपर्यंत हातात ठेवा. पैसे शक्यतो मोबाइलवरून किंवा बँकेतून द्या, म्हणजे नोंद राहते. 'आपल्या माणसाकडे कागद कशाला मागता?' असं कुणी म्हणालं, तर सांगा की आपल्या माणसाशी वाईटपणा येऊ नये म्हणूनच कागद. कुणी सांगितलं म्हणून न मानता तपासून घ्यावं, हे कालाम सुत्तावरच्या प्रवचनात आपण वर्षावासात दरवर्षी ऐकतो. विहाराबाहेर पडल्यावर ठेकेदारापुढे ते विसरायचं कारण नाही.

विजेचं थोडक्यात. पत्र्यावरून किंवा पत्र्याला टेकून सर्व्हिस वायर गेली असेल तर काम सुरू होण्याआधी महावितरणकडे अर्ज करून ती हलवून घ्या. काम चालू असताना मेन स्विच बंद. घरात गळती-करंट आला की वीज तोडणारा स्विच बसवून घेतलात तर उत्तम, कारण ओला लोखंडी पत्रा आणि सोललेली वायर यांची गाठ पडली की दुसरी संधी मिळत नाही. गंजलेला पत्रा लागून जखम झाली तर ती साबणपाण्याने धुवा आणि त्याच दिवशी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

काही ठेकेदार 'रमाई आवास योजनेत बसवून देतो, आधी माझ्याकडे पैसे भरा' असं म्हणतात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी ही योजना खरी आहे, पण तिचा अर्ज महापालिकेकडे करायचा असतो, आणि जागेचे कागद, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला तुम्हालाच दाखवावा लागतो. ठेकेदाराच्या खिशातून मंजुरी निघत नाही.

फसवणूक झालीच तर गप्प बसू नका. पैसे देऊन घेतलेलं बांधकामाचं काम ही ग्राहक संरक्षण कायद्यात सेवा मानली जाते. पहिली तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतून करता येते. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तिथे तुमच्या बाजूने बोलेल ते वहीचं पान आणि पक्कं बिल.

त्या ताईंनी यंदा एप्रिलमध्ये छप्पर पुन्हा उघडलं. नवे मिस्त्री आले, त्यांनी शेजारच्या सिमेंटच्या पत्र्यांकडे पाहिलं आणि भाव सांगायच्या आधी विचारलं, 'ह्यांच्यावर फळ्या टाकायला शेजारी हो म्हणतील का?' हुकांची जागा बदलली, वायसर नवे घातले, भिंतीला पट्टी बसली. भिंत खरवडून, पूर्ण वाळवून चुना लावला, पलंग दुसऱ्या बाजूला हलवला. सासूबाईंचा पंप अजून उशाशी असतो, पण रात्री तो फारसा लागत नाही. मिस्त्रींच्या पैशांतला दहावा हिस्सा बचत गटाच्या अध्यक्ष ताईंकडे पाकिटात ठेवला आहे, आणि पाऊस अजून यायचा आहे.