आकाशातले गायरान

सीमाभागात वाढलेल्या आपल्यासारख्यांना 'हद्द' हा शब्द कुणी शिकवावा लागत नाही. निपाणीहून कोल्हापूरला निघालो की कोगनोळीच्या पुढे राज्य बदलते आणि पाट्यांवरची लिपीही. मोबाईलमधला नकाशा मात्र आहे तसाच चालू राहतो. वाट दाखवणारे जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. त्यांना ना कर्नाटक ठाऊक, ना महाराष्ट्र.

मी बेळगावात बीई केले आणि आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. नकाशे, लोकेशन यांच्याशी रोजचा संबंध. त्यामुळे एक प्रश्न नेहमी पडतो. वर हद्दच नाही, तर तिथे देशादेशांत राजकारण कशाचे चालते?

१९६७ हे साल आपल्याला महाजन आयोगाच्या अहवालामुळे माहीत आहे. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय बाह्य अवकाश करार लागू झाला. एका कागदाने आपल्या गावांची वाटणी सुचवली. दुसऱ्याने सांगितले की, चंद्रासह अवकाशाचा कोणताही भाग कोणत्याही देशाला आपल्या मालकीचा म्हणता येणार नाही. म्हणजे अवकाश हे गायरान ठरले. सातबारा कुणाच्याच नावावर नाही, चराईचा हक्क सर्वांना.

पण गायरानाचे राजकारण खेड्यातल्या माणसाला विचारा. हक्क सर्वांचा असला तरी ज्याच्या दावणीला जनावरे जास्त, तोच जास्त चारतो. ज्याच्या दावणीला काहीच नाही, त्याने त्या हक्काचे करायचे काय?

हा प्रश्न १९७६ मध्ये उघडपणे विचारला गेला. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर एक खास कक्षा आहे. तिथला उपग्रह पृथ्वीवरून पाहिला तर एकाच जागी थांबलेला दिसतो. टीव्ही आणि दळणवळणासाठी ही जागा सोन्याच्या मोलाची. कोलंबिया, इक्वेडोर, केनिया, इंडोनेशिया आदी देशांनी बोगोटा इथे जाहीर केले की, आमच्या डोक्यावरचा या कक्षेचा भाग आमचाच. हा आकाशातला सीमावादच होता! इतर देशांनी तो दावा मानला नाही. पण त्यामागची भीती खरी होती. आपली पाळी येईपर्यंत चांगल्या जागा संपलेल्या असतील, ही ती भीती.

भारताने दावा सांगण्यापेक्षा स्वतःची दावण भरण्याची वाट धरली. त्या वाटेच्या सुरुवातीलाच आपल्या शेजारचा एक माणूस भेटतो. कोल्हापुरात जन्मलेले डॉ. एकनाथ चिटणीस हे विक्रम साराभाईंचे अगदी सुरुवातीचे सहकारी. थुंब्याची जागा निवडण्यात त्यांचा वाटा होता. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून उडालेले पहिले रॉकेट अमेरिकन होते. पुढे १९७५-७६ मध्ये कर्नाटकासह सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहावरून शिक्षणाचे कार्यक्रम दाखवण्यात आले. त्या प्रयोगातही चिटणीस आघाडीवर होते. पण उपग्रह नासाचा, वर्षभरासाठी दिलेला. मुदत संपली आणि अमेरिकेने तो परत हलवला. उसन्या बैलावर शेती किती दिवस चालणार?

बैल विकत घ्यायला गेलो तेव्हाही अडवणूक झाली. जड उपग्रह वर नेण्यासाठी अतिथंड द्रव हायड्रोजनवर चालणारे क्रायोजेनिक इंजिन लागते. १९९१ मध्ये रशियन संस्थेशी इंजिने आणि तंत्रज्ञान मिळवण्याचा करार झाला. यातून क्षेपणास्त्रे बनतील, असे म्हणत अमेरिकेने १९९२ मध्ये इस्रोवर निर्बंध लादले. वास्तविक असे इंधन भरून रॉकेट फार काळ सज्ज ठेवता येत नाही, त्यामुळे क्षेपणास्त्राला ते सोयीचे नसते. तरीही १९९३ मध्ये रशियाने माघार घेतली. तयार इंजिने दिली, विद्या दिली नाही.

मग ती विद्या इथेच उभी करावी लागली. २०१० मधले पहिले उड्डाण फसले. ५ जानेवारी २०१४ रोजी स्वदेशी इंजिनावरचे जीएसएलव्ही यशस्वी झाले. आणि ३० जुलै २०२५ रोजी नासा आणि इस्रो यांचा संयुक्त 'निसार' उपग्रह याच जातीच्या रॉकेटवरून, आपल्याच क्रायोजेनिक इंजिनावर वर गेला. इस्रोच्या रॉकेटांचे भाग विक्रोळीत आणि वालचंदनगरातही घडतात. चांद्रयान-३ मोहिमेसाठी काही सुटे भाग बेळगावच्या सर्व्हो कंट्रोल्सनेही पुरवले होते.

काम संपले आहे असे मात्र नाही. जीपीएस अमेरिकी लष्कराच्या हाती आहे. मे २००० पर्यंत सामान्य लोकांसाठीचा सिग्नल मुद्दाम कमी अचूक ठेवला जात असे. भारताने 'नाविक' उभारले, पण त्याच्या आयात केलेल्या काही आण्विक घड्याळांनी दगा दिला. २०२३ मध्ये स्वदेशी घड्याळ असलेला उपग्रह गेला. जानेवारी २०२५ मधला पुढचा उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही.

आता गायरानाचा नवा तुकडा आहे चंद्राचा दक्षिण ध्रुव. तिथल्या कायम सावलीतल्या विवरांत बर्फ आहे. बर्फ म्हणजे पाणी, आणि पाण्यापासून इंधन. जमीन कुणाची नाही हे खरे, पण उकरून काढलेला माल कुणाचा? अमेरिकेने २०१५ मध्ये आपल्या कायद्यात लिहून टाकले की, काढेल त्याचा. आर्टेमिस करारात तळाभोवती 'सुरक्षा क्षेत्र' आखायची तरतूद आहे. त्याला मालकी म्हणायचे नाही. पण गायरानावरचे अतिक्रमणही काट्याच्या कुंपणापासूनच सुरू होते, हे आपण जाणतो. भारताने जून २०२३ मध्ये या करारावर सही केली आणि दोन महिन्यांत ध्रुवाजवळ यान उतरवले. चीन आणि रशिया करारात नाहीत. त्यांच्या चंद्रतळाची तयारी वेगळी चालू आहे.

गायरानात कचरा करू नये, हा नियमही सर्वांचा. चीनने २००७ मध्ये स्वतःचा उपग्रह फोडला, त्याचे तुकडे अजून फिरताहेत. भारतानेही २७ मार्च २०१९ रोजी एक उपग्रह पाडला. तो कमी उंचीवर होता, म्हणून तुकडे लवकर खाली आले. पण शेजाऱ्याला जाब विचारायचा तर आपला हिशेबही उघडा ठेवावा लागतो.

आपल्याकडे हुशार मुलगा म्हटले की इंजिनिअरिंग. मीही त्याच रांगेतला. इंजिन घडवणारे हात लागतातच, कारण त्याशिवाय कुणी आपले ऐकत नाही. पण काढलेला माल कुणाचा आणि कुंपण कुठवर, हे ठरते कायद्याच्या भाषेत. तो विषय शिकणारी मुले-मुली आपल्यातून फार कमी निघतात. सीमाभागाला तर कागदावरच्या एका ओळीची किंमत इतरांपेक्षा जास्त कळते. तो १९६७ चा करार अवघ्या सतरा कलमांचा आहे, एका बैठकीत वाचून होतो. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींनी तो एकदा जरूर वाचावा आणि दुसऱ्या कलमापाशी थोडे थांबावे. मालकी कुणाचीच नाही, हे वाक्य तिथे आहे. ते पाळले जाते की नाही, हे त्यांच्या पिढीला पाहायचे आहे.