संगणकाची सुरक्षितता : लोकांचे समज आणि वस्तुस्थिती



म्हसा, मुरबाड, शहापूर या परिसरात संगणक आता नवलाईची वस्तू राहिलेला नाही. सात-बाराचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, विजेचे बिल ही सर्व कामे त्याच्यामार्फतच होतात. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांच्या खिशात मोबाईल आहे, आणि मोबाईल आकाराने लहान असला तरी तोही संगणकच होय. साहजिकच या विषयावर प्रत्येकाचे काही ना काही मत बनलेले असते. एस.टी.ची वाट पाहताना, चहाच्या टपरीवर, पौष पौर्णिमेला भरणाऱ्या म्हसा येथील यात्रेत ही मते ऐकावयास मिळतात. "व्हायरस कंपन्याच सोडतात", "अपडेट केले की मोबाईल मंदावतो", "कुलूप दिसले की साइट खरी", आणि सर्वांत अधिक ऐकू येणारे म्हणजे "आपल्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय?" या मतांत थोडेफार तथ्यही असते. तथापि अर्धे खरे मत पूर्ण खोट्यापेक्षा अधिक घातक ठरते, म्हणून सदर लेखात त्यांचा थोडा विस्ताराने विचार केला आहे.

प्रथम व्हायरसविषयी. व्हायरस हा हवेतून येणारा रोग नव्हे. तो माणसानेच लिहिलेला एक प्रोग्राम असतो. फरक इतकाच की तो मालकाला न विचारता स्वतःच्या प्रती काढतो. आयबीएम पद्धतीच्या घरगुती संगणकांवर पसरलेला पहिला व्हायरस 'ब्रेन' या नावाने ओळखला जातो. तो १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. आपले सॉफ्टवेअर लोक फुकट उतरवून घेतात म्हणून आपण तो लिहिला, असे त्यांचे म्हणणे होते. गंमत अशी की त्या व्हायरसच्या आत त्यांनी आपले नाव, पत्ता आणि फोन नंबरसुद्धा लिहून ठेवला होता! आजचे चोर इतके सरळ राहिलेले नाहीत.

आता ॲन्टीव्हायरस कंपन्यांबद्दल. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांचे उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. त्यांचे औपचारिक शिक्षण बेताचे. पुण्यात ते कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत, पुढे संगणक दुरुस्त करू लागले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत बिघाडापेक्षा व्हायरसच अधिक सापडू लागले. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी हे व्हायरस काढून टाकणारे छोटे प्रोग्राम लिहिले. १९९०च्या दशकात त्यातूनच 'क्विक हील' उभे राहिले आणि २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात दाखल झाली. रोग आधी होता आणि औषध नंतर आले, हा क्रम येथे स्पष्ट दिसतो. कंपन्या स्वतःच व्हायरस सोडतात या मताला काही आधार नाही. मात्र भीती दाखवून माल खपविणे हा प्रकार या धंद्यात आहे, हेही नाकारता येत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर हा रक्षक आधीपासूनच बसविलेला असतो. सामान्य घरगुती वापरास तो पुरेसा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

परंतु कोणताही रक्षक ओळखीच्या चोराला लवकर पकडतो. नव्या चोराच्या बाबतीत तो अंदाजावर चालतो. आणि घरमालकाने स्वतः दार उघडून चोराला आत बसविले, तर रक्षकाचा इलाज चालत नाही. फुकटच्या, म्हणजे चोरीच्या, सॉफ्टवेअरचे नेमके असेच आहे. तालुक्याच्या ठिकाणी जुना संगणक घेतला की दुकानदार 'सगळे टाकून देतो' असे म्हणतो. त्या 'सगळ्या'त परवाना नसलेले विंडोज आणि त्याचे कुलूप तोडणारा एक प्रोग्राम असतो. तो प्रोग्राम चालविण्यापूर्वी रक्षक बंद करावा लागतो आणि पुढे पुष्कळदा अपडेटही बंद ठेवले जातात. सरकारी नोकरीत नसलेल्या, हातावर पोट असलेल्या माणसाला महागडा परवाना परवडत नाही हे खरेच आहे. त्यासाठी लिनक्स ही प्रणाली उपलब्ध आहे. ती कायदेशीररीत्या विनामूल्य आहे, मराठीतही चालते, आणि जुन्या संगणकावर पुष्कळदा विंडोजपेक्षा हलकी पडते.

अपडेटचा विषय निघालाच आहे तर १२ मे २०१७ रोजी काय घडले ते पाहू. त्या दिवशी 'वॉनाक्राय' नावाचा प्रोग्राम जगभर पसरला. तो संगणकातील सर्व फायली कुलूपबंद करी आणि किल्लीसाठी खंडणी मागे. इंग्लंडमधील रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या छिद्रातून तो शिरत होता ते बुजविणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने सुमारे दोन महिने आधी, मार्च महिन्यात, दिला होता. ज्यांनी तो घेतला त्यांच्या संगणकात त्या वाटेने शिरकाव झाला नाही. 'नंतर करू' म्हणणारे सापडले.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, 'नॉटपेट्या' आला. या वेळी त्याची झळ आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यापर्यंत पोहोचली. उरण येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले, कारण ते चालविणाऱ्या परदेशी कंपनीचे संगणक बंद पडले होते. एखादा चिकित्सक वाचक येथे म्हणेल, की हा नॉटपेट्या तर युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच शिरला होता. ते बरोबर आहे. पाण्याच्या टाकीतच विष कालविले तर नळ काय करणार? परंतु अशी घटना क्वचित घडते, आणि न बुजविलेल्या छिद्रातून शिरकाव रोज होतो. एवढ्यासाठी नळ तोडून टाकणे शहाणपणाचे नव्हे. अपडेटने जुना मोबाईल कधी कधी मंदावतो, हेही खरे. मंद मोबाईल चालेल. विंडोज ७ साठीचे अपडेट मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये थांबविले. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. असे संगणक अजून अनेक दुकानांतून चालू दिसतात. त्यांवर बँकेचे काम करू नये.

ब्राउझर म्हणजे ज्या खिडकीतून आपण इंटरनेट पाहतो तो प्रोग्राम. कोणता ब्राउझर चांगला, यावर तरुण मंडळी तासन्तास वाद घालतात. एके काळी सर्वांच्या संगणकावर असलेला इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. आज क्रोम, फायरफॉक्स, एज यांपैकी कोणताही वापरला आणि ताजा ठेवला तरी चालते. खरा प्रश्न त्या खिडकीतून काय दिसते आणि आपण ते कसे वाचतो, हा आहे.

येथे कुलुपाचा समज आडवा येतो. पत्त्याच्या आरंभी 'एचटीटीपीएस' असले की साइट सुरक्षित, असे पूर्वी बँकासुद्धा सांगत असत. त्याचा नेमका अर्थ समजण्यासाठी जुना बैलबाजार आठवावा. सौदा करताना व्यापारी आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालून, एकमेकांची बोटे दाबून किंमत ठरवीत. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी आकडा कोणाला कळत नसे. एचटीटीपीएस हा तो रुमाल आहे. आपला मोबाईल आणि ती साइट यांच्यामधला व्यवहार वाटेत कोणी वाचू शकत नाही, इतकीच त्याची हमी. रुमालाखालचा हात प्रामाणिक व्यापाऱ्याचा आहे की ठगाचा, हे रुमाल सांगत नाही. आज असा रुमाल फुकट मिळतो; ठगही तो वापरतात. म्हणूनच क्रोमने २०२३ साली ते कुलुपाचे चित्र काढून टाकले.

मग व्यापारी ओळखायचा कसा? पत्ता वाचून. पत्त्यातील पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या आधीचा भाग घ्यावा आणि तो शेवटाकडून वाचावा. माणसाचे आडनाव जसे शेवटी येते, तसा साइटचा खरा धनी शेवटी असतो. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी साइटचा पत्ता 'महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' असा संपतो. 'जीओव्ही डॉट इन' हे आडनाव सरकारी संस्थांनाच मिळते. परंतु पत्ता 'महाडीबीटी-जीओव्ही-इन डॉट कॉम' असा असेल, तर ते आडनाव 'कॉम'वाल्या कोणा भलत्याचेच झाले. बँकांसाठीही आता 'बँक डॉट इन' असे वेगळे आडनाव आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांनी ते घ्यावे, असा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला होता.

दुसरा समज 'इन्कॉग्निटो' किंवा खाजगी खिडकीबद्दलचा. त्यात केलेले काही कोणालाच दिसत नाही, असे अनेकांना वाटते. वस्तुतः ती खिडकी बंद केल्यावर फक्त त्या यंत्रावरील खुणा पुसल्या जातात. इंटरनेट पुरविणारी कंपनी आणि समोरची साइट यांना दिसायचे ते दिसतेच. या विषयावर अमेरिकेत गूगलवर २०२० साली खटला झाला, आणि २०२४ मध्ये गोळा केलेली माहिती नष्ट करण्याचे कंपनीने तडजोडीत मान्य केले.

असे असले तरी आपल्या भागातील विद्यार्थ्यांना या खिडकीचा फार मोठा उपयोग आहे, आणि तो त्यांना कोणी सांगत नाही. घरी संगणक नसल्यामुळे मुले-मुली सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात अर्ज भरतात. ब्राउझर विचारतो, 'पासवर्ड सेव्ह करू का?' घाईत 'हो' दाबले जाते. त्यानंतर त्या खुर्चीवर जो बसेल त्याला ते खाते उघडता येते. त्याच संगणकाच्या 'डाउनलोड्स'मध्ये जातीचा दाखला, आधार, गुणपत्रिका, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान असे गावातल्या शंभर मुलांचे कागद पडलेले असतात. कोणाही अनोळखी माणसाला त्यांच्या नावाने सिमकार्ड किंवा कर्ज मागण्यास एवढे पुरे आहे. यास्तव परक्या संगणकावर नेहमी खाजगी खिडकीच उघडावी, 'सेव्ह'ला नकार द्यावा, उतरवलेल्या फायली काढून टाकून रिसायकल बिनही रिकामी करावी. दुकानदार ओळखीचा असला तरी यात संकोच बाळगू नये.

आणखी एक गोष्ट नेहमी घडते. मोबाईलवर अचानक 'तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस आहेत' अशी पाटी येऊ लागते आणि घरातली वडीलधारी मंडळी घाबरतात. बहुतेक वेळा तो व्हायरस नसतो. कुठल्या तरी साइटने 'सूचना पाठवू का?' असे विचारलेले असते आणि कोणी तरी 'अलाव' दाबलेले असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'नोटिफिकेशन्स' येथे जाऊन त्या साइटची परवानगी काढली की पाटी बंद होते.

आता सर्वांत महागात पडणारे मत : आपल्याकडे चोरण्यासारखे काय आहे? चोराला आपला पैसाच हवा असतो असे नाही, त्याला आपले नावही हवे असते. २०१८ साली ११ ते १३ ऑगस्ट या दिवसांत पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बँकेच्या यंत्रणेत घुसून, बनावट कार्डांच्या आधारे २८ देशांतील एटीएममधून रक्कम काढली गेली. या प्रकरणात एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले. ही माणसे कट रचणारी नव्हती. तुरुंगात गेली ती एटीएमसमोर कार्ड घेऊन उभी राहिलेली लहान माणसे.

हाच प्रकार आज गावोगाव दुसऱ्या रूपात चालतो. 'तुझे खाते महिनाभर वापरू दे, पाच हजार देतो' असे सांगून विद्यार्थ्यांकडून पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम घेतले जाते. दूरच्या एखाद्या वृद्धाला फसवून काढलेली रक्कम त्या खात्यातून पुढे जाते. पोलीस माग काढीत येतात तेव्हा कागदावर नाव असते ते आपल्या मुलाचे. खाते गोठविले जाते आणि त्यात येणारी शिष्यवृत्तीही अडकते. खाते न देताही असे होऊ शकते. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, आरटीओचे चलन किंवा शेतकरी योजनेची यादी या नावाने 'एपीके' अक्षरांनी संपणारी फाईल येते. पत्रिका चित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपात असते. एपीके म्हणजे पत्रिका नव्हे, ते संपूर्ण ॲप असते. ते बसविले आणि त्याला एसएमएस वाचण्याची परवानगी दिली की बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे जातो. ती फाईल सख्ख्या मामाकडून आली तरी उघडू नये, कारण बहुधा मामाचाच फोन आधी गेलेला असतो.

पैसे गेल्याचे लक्षात येताच, लाज न बाळगता, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या १९३० या क्रमांकावर फोन करावा. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकत असते. ती पुढे सरकण्यापूर्वी कळविले तर अडवून धरता येते. फोन करताना आपला खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि एसएमएसमध्ये आलेला व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवावा. मिळालेला तक्रार क्रमांक मोबाईलवर न ठेवता कागदावर उतरवून घ्यावा, कारण पुढे बँकेत आणि पोलीस ठाण्यात तोच विचारला जातो, आणि मोबाईल त्या वेळी तपासासाठी जमा असू शकतो.