रुग्णालय जवळ, दवाखाना दूर!

पुणे - बिबवेवाडीत राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे, खासगी रुग्णालये आहेत आणि औषधांच्या दुकानांचीही वानवा नाही. तरीही अप्पर इंदिरानगर किंवा सुपर इंदिरानगरमधील एखाद्या कष्टकऱ्याला ताप आला, तर अनेकदा तो दुकानातून दोन गोळ्या घेतो आणि कामावर निघतो. यामागे अज्ञान कमी आणि हिशेब अधिक असतो. डॉक्टरला दाखवायचे म्हणजे दिवसाचा खाडा आणि खाडा म्हणजे बुडालेली मजुरी. शहरी गरिबांच्या प्राथमिक आरोग्यसेवेचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

२०११ च्या जनगणनेनुसार पुणे महापालिका हद्दीची लोकसंख्या सुमारे ३१ लाख होती आणि त्यातील साधारण २२ टक्के नागरिक झोपडपट्ट्यांत राहत होते. म्हणजे दर पाच पुणेकरांमागे किमान एकाचा हा प्रश्न आहे. खेड्यात उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय अशी उतरंड आखून दिलेली आहे. शहरांत मात्र मोठी रुग्णालये आधी उभी राहिली आणि वस्तीच्या तोंडाशी असायला हवा तो पहिला दवाखाना मागे पडला.

कार्ड कोणाकडे?

कामगार विमा योजना १९४८ च्या कायद्याने अस्तित्वात आली. कारखान्यात किंवा आस्थापनेत नोंदणी असलेल्या, ठरावीक मर्यादेपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला तिचा लाभ मिळतो. २०१७ मध्ये ही मर्यादा दरमहा २१ हजार रुपये करण्यात आली. नोंदणी असलेल्या कामगाराच्या कुटुंबाला त्यातून मोठा आधार मिळतो. मात्र चार घरची धुणीभांडी करणारी महिला, बिगारी किंवा हातगाडीवाला यांचा कोणी एक मालक नसतो. त्यामुळे वर्गणी भरली जात नाही आणि कार्डही निघत नाही. रुग्णालयासमोरून रोज जाणाऱ्याला त्याचे दार बंदच राहते.

विमा येतो उशिरा

मग सरकारी योजना कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना, २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत योजना आणि पुणे महापालिकेची शहरी गरीब योजना यांचा उपयोग निश्चितच आहे. मात्र या योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांसाठी आहेत. रक्तदाबाची रोजची गोळी, साखरेची तपासणी किंवा मुलाचा वारंवार येणारा खोकला यांसाठी रुग्णाला बहुधा खिशात हात घालावा लागतो. वेळेवर गोळी न मिळालेला रक्तदाब काही वर्षांनी पक्षाघात होऊन समोर येतो. तेव्हा विमा बिल भरतो. पण लुळा पडलेला हात आणि गेलेला रोजगार तो परत देत नाही.

रचना आहे, पण...

ही उणीव धोरणकर्त्यांच्या लक्षात आली नाही, असे नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने १ मे २०१३ रोजी राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाला मान्यता दिली. त्यानुसार सुमारे ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, २०० ते ५०० कुटुंबांमागे एक 'आशा' स्वयंसेविका आणि ५० ते १०० कुटुंबांमागे एक महिला आरोग्य समिती असावी, असे ठरले. केंद्र वस्तीत किंवा वस्तीलगत असावे आणि बाह्यरुग्ण विभाग दुपारी १२ ते रात्री ८ या वेळेत चालावा, अशी अपेक्षाही त्यात होती. राज्यात १ मे २०२३ रोजी सुरू झालेल्या 'आपला दवाखाना' उपक्रमातही दुपारपासून रात्रीपर्यंतची वेळ ठेवण्यात आली.

वेळेचा हा मुद्दा किरकोळ वाटतो; पण सकाळी सात वाजता घर सोडणाऱ्या महिलेसाठी तोच सर्वांत मोठा आहे. केवळ सकाळी उघडणारा दवाखाना तिच्यासाठी असून नसल्यासारखा आहे.

ब्राझीलचा धडा

विकसनशील देशांमध्ये ब्राझीलचे उदाहरण आवर्जून दिले जाते. तेथे १९९४ मध्ये कुटुंब आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. डॉक्टर, परिचारिका आणि त्याच वस्तीतील आरोग्यसेवक यांच्या एका पथकाकडे साधारण तीन ते चार हजार लोकांची जबाबदारी सोपविण्यात आली. आरोग्यसेवक घरोघरी जातो. त्यामुळे कोणाच्या घरी गरोदर महिला आहे आणि कोणाची क्षयाची औषधे मध्येच थांबली, हे पथकाला रुग्ण दवाखान्यात येण्याआधीच समजते. आपल्या रचनेत एका केंद्रावर याच्या बारा-पंधरा पट लोकसंख्येचा भार पडतो. म्हणूनच 'आशा' ही आपल्या व्यवस्थेतील सर्वांत मोलाची व्यक्ती ठरते. असे असूनही तिच्या मोबदल्याचा काही भाग कामागणिक ठरतो.

काय करता येईल?

पहिली गोष्ट म्हणजे दवाखान्याची वेळ वस्तीच्या वेळेशी जुळली पाहिजे. दुसरी, रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णाला एका खेपेत महिन्याभराची औषधे मिळाली पाहिजेत. 'साठा संपला, पुढच्या आठवड्यात या' असे एकदा ऐकलेला रुग्ण पुन्हा येईलच असे नाही. तिसरी, दवाखान्याने दिलेल्या चिठ्ठीवर मोठ्या रुग्णालयात रुग्णाची दखल घेतली जावी आणि उपचारांची माहिती परत दवाखान्याकडे यावी. चौथी, तीस वर्षांवरील प्रत्येकाची घरोघरी होणारी तपासणी नोंदवहीपुरती न राहता तिचा पाठपुरावा व्हावा.

यासाठी नवी टोलेजंग इमारत लागत नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांच्या कार्यसूचीत सार्वजनिक आरोग्याचा समावेश केला आहे. त्यामुळे वॉर्डातील दवाखान्यात संध्याकाळी डॉक्टर असतात का आणि औषधे मिळतात का, हे आपल्या नगरसेवकाला विचारण्याचा प्रत्येक नागरिकाला अधिकार आहे. ज्यांना त्या दवाखान्याची गरज पडत नाही, त्यांनीही हा प्रश्न विचारायला हवा. आपल्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी चार दिवस का आल्या नाहीत, याचे उत्तर कदाचित तेथेच सापडेल.