प्रकाशाने पुसणारी आणि लिहिणारी चिप

चिपमधला मजकूर प्रकाशाने बदलण्याची सुरुवात ‘ईप्रॉम’पासून झाली. इंटेल कंपनीतील अभियंते डोव्ह फ्रोमान यांची ही चिप १९७१ मध्ये आली. १७०२ हा क्रमांक असलेल्या त्या पहिल्या चिपमध्ये जेमतेम २०४८ बिट मावत. ईप्रॉमच्या प्रत्येक पेशीत ऑक्साइडच्या थराने चहूबाजूंनी बंद केलेले ‘फ्लोटिंग गेट’ असते. जास्त व्होल्टेज देऊन त्यात इलेक्ट्रॉन घुसवले की वीज गेल्यावरही ते वर्षानुवर्षे तिथेच अडकून राहतात. २५४ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांत मात्र त्यांना ऑक्साइडची भिंत ओलांडण्याइतकी ऊर्जा मिळते आणि पेशी कोरी होते.

त्यासाठी चिपच्या पाठीवर क्वार्ट्‌झची गोल खिडकी असे, कारण साधी काच हे किरण अडवते. खिडकीतून आतला सिलिकॉनचा तुकडा आणि त्याला जोडलेल्या केसासारख्या तारा स्पष्ट दिसत. ८०८५ मायक्रोप्रोसेसरच्या किटवर शिकलेल्या महाराष्ट्रातील अनेक अभियंत्यांना ही चिप आठवत असेल. चिप सॉकेटमधून काढायची, पंधरा-वीस मिनिटे अतिनील दिव्याखाली ठेवायची, नव्याने प्रोग्राम करायची आणि खिडकीवर स्टिकर लावायचा. स्टिकर नसेल, तर कडक उन्हात साधारण आठवडाभरात मजकूर पुसला जाण्याची भीती असे. खरी अडचण वेगळी होती. प्रकाश सगळेच पुसून टाकी, निवडक काही पुसता येत नसे. आणि लिहायला वीजच लागे.

ही अडचण दूर करणाऱ्या संशोधनात पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले हरीश भास्करन यांचा मोठा वाटा आहे. ते ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राध्यापक आहेत. जर्मनीतील सहकाऱ्यांसह त्यांच्या गटाने २०१५ मध्ये प्रकाशानेच लिहिता, वाचता आणि पुसता येणारी स्मृती चिपवर करून दाखवली. सिलिकॉन नायट्राइडच्या सूक्ष्म प्रकाशवाहिनीवर त्यांनी जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांच्या संयुगाचा इवलासा पट्टा बसवला. पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडीतही हेच संयुग असते. लेसरचा तीव्र स्पंद पडला की ते वितळते आणि झटकन थिजल्याने अस्फटिकी राहते. मग वाहिनीतून जास्त प्रकाश पुढे जातो. सौम्य स्पंदांनी ते पुन्हा स्फटिकी होते आणि जास्त प्रकाश शोषते. पट्टा अर्धवट स्फटिकी ठेवून या गटाने एकाच पेशीत आठ पातळ्या, म्हणजे तीन बिट साठवले. शिवाय ही अवस्था टिकवायला वीज लागत नाही.

एका पेशीत किती मावते, याहून महत्त्वाचे हे की हवी तीच पेशी, चिप जागेवरून न हलवता, काही नॅनोसेकंदांच्या स्पंदांनी बदलता येते. ईप्रॉमला हे कधीच जमले नव्हते.