मैफल आणि कॅमेरा

दूरचित्रवाणीवर गाजलेल्या जाहीर संगीत कार्यक्रमांचा इतिहास बहुधा कलावंतांची नावे आणि प्रेक्षकसंख्येचे आकडे यांच्या आधारे सांगितला जातो. परंतु या कार्यक्रमांची वेळ कोणाच्या सोयीने ठरली, रंगमंच कोणासाठी बांधला गेला आणि सभागृहातल्या श्रोत्याला न दिसणारे घरी बसलेल्याला कसे दिसले, हे तपासू लागले की त्या इतिहासात एक संथ सत्तांतर आढळते. तिकीट काढून समोर बसलेला श्रोता क्रमाक्रमाने दुय्यम होत गेला आणि पडद्यापलीकडचा, कलावंताला कधीही न दिसणारा श्रोता मैफलीचा खरा यजमान बनला.

अमेरिकेत या सत्तांतराची सुरुवात कामगार संघटनेच्या एका करारातून झाली. वादकांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांनी आपल्या सभासदांना दूरचित्रवाणीवर वादन करण्यास १९४५ पासून बंदी घातली होती, कारण नव्या माध्यमाने वादकांचा रोजगार हिरावून घेतला जाईल अशी त्यांना धास्ती होती. मार्च १९४८ मध्ये ही बंदी उठताच दोन प्रतिस्पर्धी वाहिन्यांमध्ये चुरस लागली आणि २० मार्च या एकाच दिवशी, अवघ्या दीड तासाच्या अंतराने, सीबीएसने यूजीन ऑर्मंडी यांच्या संचालनाखालील फिलाडेल्फियाचा वाद्यवृंद, तर एनबीसीने आर्तुरो तोस्कानिनी यांचा वाद्यवृंद पडद्यावर आणला. पहिलेपणाचा मान ऑर्मंडींकडे गेला असला, तरी स्मरणात राहिले ते तोस्कानिनी, आणि त्यामागचे कारण संगीताइतकेच दृश्यात होते. वृंदसंचालक, म्हणजे हातातील छडीच्या इशाऱ्यांनी वादकांची लय आणि आवाजाचे चढउतार सांभाळणारा प्रमुख, सभागृहात श्रोत्यांकडे पाठ करून उभा असतो, त्यामुळे त्याचा चेहरा केवळ वादकांनाच दिसतो. एक्क्याऐंशीच्या उंबरठ्यावर असलेले तोस्कानिनी दृष्टी अधू असल्यामुळे सगळी रचना मुखोद्गत करून संचालन करीत. समोर स्वरलिपीची वही नसल्याने त्यांची नजर सतत वादकांवर खिळलेली असे, आणि कॅमेरा वादकांच्या बाजूला लावल्याबरोबर तोवर केवळ वादकांच्या वाट्याला येणारा तो करारी चेहरा घराघरांत पोहोचला. त्या संध्याकाळचा कार्यक्रम संपूर्णपणे रिशार्ट वाग्नरच्या रचनांचा होता. त्या काळी दूरचित्रवाणी संच फारच थोड्या घरांत होते आणि त्यांचा पडदाही लहान होता, हे लक्षात घेतले तरीही सभागृहातल्या सर्वांत महाग आसनावरून जे दिसत नव्हते ते घरबसल्या फुकट दिसू लागले, हा फरक लहान म्हणता येत नाही.

कृत्रिम उपग्रहांनी या फरकाला भूगोलाचे परिमाण दिले. १४ जानेवारी १९७३ रोजी हवाई बेटांवरील होनोलुलू येथे एल्व्हिस प्रेस्ली यांचा जो कार्यक्रम झाला, तो स्थानिक वेळेनुसार मध्यरात्र उलटून अर्धा तास झाल्यावर सुरू झाला. एरवी ही वेळ कोणताही आयोजक सुचवणार नाही, परंतु त्या क्षणी टोकियोत संध्याकाळचे साडेसात वाजले होते आणि प्रक्षेपणाचा मुख्य ग्राहक जपान होता. होनोलुलूच्या सभागृहातील हजारो श्रोते अशा रीतीने दुसऱ्या देशाच्या संध्याकाळसाठी मध्यरात्री जागत होते. खुद्द अमेरिकेत त्याच दिवशी फुटबॉलचा ‘सुपर बोल’ हा अंतिम सामना असल्याने तेथील प्रेक्षकांना हा कार्यक्रम एप्रिलपर्यंत दिसलाच नाही; आणि त्या आवृत्तीसाठी श्रोते निघून गेल्यावर रिकाम्या सभागृहात आणखी काही गाणी चित्रित करण्यात आली. उपग्रहाचा दुवा तुटल्यास हाताशी असावे म्हणून दोन दिवस आधीची रंगीत तालीमही श्रोत्यांसमोर, संपूर्ण पोशाखात मुद्रित करून ठेवलेली होती. तिकिटाला ठरावीक किंमत नव्हती. ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे द्यावे अशी व्यवस्था होती आणि जमलेले ७५,००० डॉलर कर्करोगाने निधन पावलेले हवाईचे गीतकार कुई ली यांच्या नावाच्या निधीला देण्यात आले.

या कार्यक्रमाला शंभर कोटींहून अधिक प्रेक्षक लाभल्याचा दावा आजही छापला जातो, मात्र तो स्वीकारणे कठीण आहे. ज्या आशियाई आणि पॅसिफिक देशांत तो प्रत्यक्ष त्याच वेळी दिसला, त्यांची सगळी लोकसंख्या एकत्र केली तरी ती या आकड्याच्या जवळपासही जात नव्हती. ‘प्रक्षेपण ज्या प्रदेशात पोहोचू शकते तेथील माणसे’ आणि ‘संच लावून बसलेली माणसे’ या दोन गोष्टी जाहिरातदारांनी सोयीने एकत्र केल्या, आणि पुढील सर्व मोठ्या कार्यक्रमांच्या आकड्यांना ही खोड चिकटून राहिली.

१३ जुलै १९८५ च्या ‘लाइव्ह एड’कडे याच कारणासाठी आकडे बाजूला ठेवून पाहावे लागते. इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी बॉब गेल्डॉफ आणि मिज यूर यांनी उभारलेला हा उपक्रम लंडनचे वेम्ब्ली आणि फिलाडेल्फियाचे जॉन एफ. केनेडी अशा दोन क्रीडागारांत मिळून सुमारे सोळा तास चालला. एका वृंदाचे वादन सुरू असताना दुसऱ्याची वाद्ये मांडली जावीत आणि तिसऱ्याची आवरली जावीत यासाठी वेम्ब्लीत फिरता रंगमंच होता, आणि नेमून दिलेली वेळ संपत आल्याची सूचना कलावंताला रस्त्यावरच्या सिग्नलसारखे हिरवे, पिवळे व लाल दिवे देत असत. ही घाई समोर जमलेल्या बहात्तर हजारांच्या सोयीसाठी नव्हती. उपग्रहाची वेळ आधी राखून ठेवलेली होती आणि दोन खंडांचे वेळापत्रक एकमेकांत गुंफलेले होते.

तंत्रज्ञानाची मर्यादाही याच दिवशी ठळकपणे उघडी पडली. मिक जॅगर आणि डेव्हिड बोवी यांनी अटलांटिकच्या दोन किनाऱ्यांवरून एकाच वेळी द्वंद्वगीत गावे असा बेत होता. पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घेत विषुववृत्तावर स्थिर भासणारा दळणवळण उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. तिथवर जाऊन परत येण्यास प्रकाशाच्या वेगाने धावणाऱ्या संदेशालाही पाव सेकंद लागतो, आणि समोरच्याचा प्रतिसाद ऐकू येईपर्यंत अर्धा सेकंद उलटतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत अर्धा सेकंद म्हणजे नेमकी एक मात्रा. वार्ताहराच्या मुलाखतीत हा विलंब खपून जातो, गाण्यात तो सम चुकवतो. बेत सोडून देण्यात आला आणि दोघांनी आधी चित्रित केलेले गीत पडद्यावर दाखवण्यात आले. इतर अडचणी अधिक साध्या होत्या: पॉल मॅकार्टनी पियानोवर गाऊ लागले तेव्हा त्यांचा मायक्रोफोन सुरुवातीची सुमारे दोन मिनिटे बंद राहिला, तर ‘द हू’ या वृंदाचे वादन भर गाण्यात पडद्यावरून नाहीसे झाले.

त्या दिवसाच्या दोन सादरीकरणांची तुलना या लेखाच्या विषयाच्या गाभ्याशी जाते. ‘यू टू’ या आयरिश वृंदाचा गायक बोनो एका लांबलेल्या गीतात उंच रंगमंचावरून खाली उतरला आणि गर्दीतील एका तरुणीला कुंपणापलीकडून बाहेर काढून तिच्यासोबत नाचला. वर वाजवत राहिलेल्या साथीदारांना तो दिसेना, गीत सुमारे बारा मिनिटे ताणले गेले, ठरलेले तिसरे गाणे गाळावे लागले आणि आपण संधी वाया घालवली अशी वृंदाची त्या दिवशी समजूत झाली. रंगमंचावरच्यांना न दिसलेला प्रसंग घरोघरी मात्र स्पष्ट दिसत होता, आणि त्या वृंदाच्या जागतिक कीर्तीचा पाया याच ‘फसलेल्या’ बारा मिनिटांनी घातला.

‘क्वीन’ वृंदाने जे साधले ते याच्या उलट, पूर्ण जाणिवेने साधले. लंडनच्या शॉ थिएटरमध्ये त्यांनी आपल्या जेमतेम एकवीस मिनिटांची कसून तालीम केली होती आणि गाणी तेवढ्या वेळात बसतील अशी कातरून घेतली होती. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास, जुलैतील लंडनच्या लख्ख उन्हात, प्रकाशयोजनेचा कोणताही आधार नसताना फ्रेडी मर्क्युरी यांनी स्टेडियमच्या अगदी शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारे मोठे हावभाव आणि कॅमेऱ्याच्या समीपचित्रात शोभणारे बारीक विभ्रम एकाच वेळी सांभाळले. एका गाण्यात तर रंगमंचावरील कॅमेरामनलाच त्यांनी खेळगडी करून घेतले. दुसऱ्या एका गीतात हजारो हात डोक्यावर एकदम टाळी देत असल्याचे जे दृश्य त्या दिवशी नोंदले गेले, ते वर्षभर आधीच्या त्याच गीताच्या चित्रफितीतून गर्दीने आत्मसात केलेले होते. दूरचित्रवाणीने शिकवलेले दूरचित्रवाणीलाच परत मिळाले. झांझिबारमध्ये पारशी कुटुंबात फारुख बलसारा म्हणून जन्मलेल्या या कलावंताचे शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले आणि ‘हेक्टिक्स’ नावाच्या शाळकरी वृंदात त्याने तेथेच पियानो वाजवला, हा तपशील मराठी वाचकाला परिचित असेल. पण त्यातून त्या एकवीस मिनिटांचे स्पष्टीकरण काढण्याचा मोह टाळलेला बरा.

निधीच्या दृष्टीने पाहता त्या दिवसाचा सर्वांत परिणामकारक भाग संगीताचा नव्हताच. दुष्काळातील मुलांचे कॅनडाच्या वार्ताहरांनी टिपलेले चित्रण एका लोकप्रिय गीताला जोडून दाखवण्यात आले, त्यासाठी बोवी यांनी आपले एक गाणे सोडून दिले आणि त्यानंतर देणग्यांचे दूरध्वनी एकाएकी वाढले. आफ्रिकेसाठी भरलेल्या या मंचावर आफ्रिकी कलावंत जवळजवळ नव्हते, ही टीका तेव्हाही झाली आणि ती रास्त होती.

अभिजात संगीताच्या प्रक्षेपणात पडद्यामागचा कलावंत असतो तो दृश्यदिग्दर्शक, म्हणजे अनेक कॅमेऱ्यांपैकी कोणत्या क्षणी कोणते चित्र प्रेक्षकाला द्यायचे हे ठरवणारा. संगीतशास्त्राचे पदवीधर आणि झेक संगीतकारांवरील ग्रंथांचे लेखक ब्रायन लार्ज यांच्यासारखे दिग्दर्शक स्वरलिपीच्या पानांवरच कॅमेऱ्यांचे क्रमांक लिहून ठेवतात, त्यामुळे बासरी सुरू होण्याच्या निमिषभर आधी बासरीवादक पडद्यावर येतो आणि प्रेक्षकाचा कान डोळ्याच्या मागोमाग जातो. लिखित रचनेचा हा फायदा आहे. ख्यालगायनात कोणती तान कोठे सुरू होईल हे गायकालाही आधी ठाऊक नसते, तेव्हा तेथे दिग्दर्शकाला कागदाऐवजी स्वतःच्या रागज्ञानावर विसंबावे लागते आणि ते अपुरे असेल तर तबल्याचा तुकडा संपल्यावर तबलजी दिसतो.

मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता ७ जुलै १९९० रोजी रोममधील काराकालाच्या प्राचीन स्नानगृहांच्या भग्नावशेषांत लुचानो पावारोत्ती, प्लासिदो दोमिंगो आणि होसे कारेरास या तीन तार आवाजाच्या गायकांसाठी वाद्यवृंद चालवत होते, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्याच शहरात विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना होता. रक्ताच्या कर्करोगातून सावरलेल्या कारेरास यांच्याविषयीच्या आस्थेने हा योग जुळून आला. ऑपेरातील एकेकटी गीते फुटबॉलच्या प्रेक्षकासमोर ठेवण्याची युक्ती इतकी फळली की त्याचे ध्वनिमुद्रण अभिजात संगीतातील सर्वाधिक खपाचे ठरले. पुढे त्याच प्रयोगाच्या आवृत्त्या निघत गेल्या आणि प्रत्येकीत संगीताचा वाटा थोडा कमी झाला, असे म्हणावेसे वाटते.

मेहतांनी पाच वेळा चालवलेली व्हिएन्नाची नववर्ष मैफल मात्र या साऱ्याला पुरून उरली आहे. १९३९ च्या अखेरच्या दिवशी, नाझी राजवटीच्या मदतनिधीसाठी सुरू झालेली ही प्रथा १९५९ पासून दूरचित्रवाणीवर आली. १९५५ पासून पाव शतक विली बोस्कोव्स्की यांनी हातात व्हायोलिन घेऊनच तिचे नेतृत्व केले, आणि १९८७ पासून दर वर्षी नवा संचालक नेमण्याचा शिरस्ता पडला. सोनेरी सभागृहातील फुलांची आरास, वॉल्ट्झच्या वादनावर दिसणारी व बहुधा आधीच चित्रित केलेली नृत्ये, अखेरच्या ‘राडेट्स्की मार्च’ला श्रोत्यांनी धरलेला टाळ्यांचा ठेका, या सर्वांतून ती नव्वदांहून अधिक देशांतील पडद्यांसाठी सजवलेली वार्षिक पूजा झालेली आहे. १ जानेवारी २०२१ रोजी साथीच्या निर्बंधांमुळे सभागृह रिकामे होते. रिकार्डो मुती यांनी तो मार्च टाळ्यांविना वाजवला. परंतु नावे नोंदवलेल्या हजारो घरबसल्या श्रोत्यांच्या टाळ्या मध्यंतराला आणि शेवटी ध्वनिवर्धकांतून सभागृहात सोडण्यात आल्या आणि वादकांनी उभे राहून त्या स्वीकारल्या. पुढच्या वर्षी डॅनिएल बारेनबॉइम यांच्या मैफलीला पुन्हा तिकिटे विकण्यात आली, मर्यादित संख्येने.