पेशीच्या वेशीवरील खूण

स्तनांतील गांठीचा लहानसा तुकडा तपासणीसाठीं प्रयोगशाळेंत जातो, तेव्हां त्या स्त्रीला पुढें कोणतें औषध द्यावयाचें हें पुष्कळदां एका तपकिरी रंगावरून ठरतें. तो रंग योग्य ठिकाणीं उमटविण्याचें काम प्रतिपिंडाचें, म्हणजे ॲन्टिबॉडीचें. परक्या द्रव्याचा नेमका भाग ओळखून त्यालाच चिकटून बसावयाचें, हा प्रतिपिंडाचा मूळ धर्म. १९७५ सालीं केंब्रिज येथें कोहलर व मिल्स्टाइन यांनीं एकाच जातीचें प्रतिपिंड हवें तितकें निर्माण करण्याची रीत शोधली, आणि या धर्माचा उपयोग फार सुलभ झाला.

येथें शोध घ्यावयाचा तो 'हर-टू' नांवाच्या प्रथिनाचा. पेशीच्या बाह्य पटलांत तें आरपार रोवलेलें असतें. मोठा भाग बाहेर, शेपूट आंत. निरोगी पेशींतहि तें थोडें असतेंच. परंतु कांहीं गांठींत पटलावर त्याची गर्दी उसळते. अशा रुग्णांत रोग अधिक आक्रमक असतो, असें १९८७ सालीं अमेरिकेंत स्लेमन व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें. १९९८ सालीं तेथें मान्यता पावलेलें ट्रास्टुझुमॅब हें औषध याच प्रथिनाच्या बाहेरच्या भागाला चिकटतें. (तें औषधहि प्रतिपिंडच, ही मौजेची गोष्ट.)

तुकडा फॉर्मॅलिनमध्यें ठेवून, मेणांत बसवून त्याचे अतिशय पातळ काप घेतात. त्यांवर प्रतिपिंड व मागाहून रंग उमटविणारीं रसायनें घालतात. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाचें तें पेशीभोंवतींचें कडें. पेशीच्या पोटांत पसरलेला रंग हिशेबांत धरीत नाहींत. शेंकडा १० हून अधिक पेशींना गडद, अखंड कडें असेल तर निकाल होकारार्थी. कडें फिकट असेल तर जनुकाच्या प्रती मोजाव्या लागतात.

पण रंग दिसला म्हणून प्रथिन सांपडलें, असें मात्र नव्हे. प्रतिपिंड भलत्याच प्रथिनालाहि चिकटूं शकतें. तुकडा फॉर्मॅलिनमध्यें ६ ते ७२ तासच राहावा, असा दंडक आहे. तो मोडला तर निकालावर भरंवसा राहत नाहीं. शिवाय, शेपूट ओळखणारें प्रतिपिंड कापामुळें उघड्या पडलेल्या पेशींत उत्तम काम करील. तेंच जिवंत, अखंड पेशींवर घातलें तर पटलापलीकडे त्याचा शिरकावच होत नाहीं, आणि प्रथिन असूनहि संशोधकाला तें नाहींसें वाटतें. तेव्हां प्रतिपिंड उत्तम, एवढ्यानें भागत नाहीं. कोणत्या कामास उत्तम, हें विचारावें लागतें.

या फसवणुकीवरील उपाय साधा, पण कंटाळवाणा. ज्यांत हें प्रथिन भरपूर आहे असा एक आणि ज्यांत तें वाढलेलें नाहीं असा दुसरा, असे दोन ज्ञात नमुने रुग्णाच्या कापाबरोबरच रंगवितात. दुसऱ्यावर गडद कडें उमटलें, किंवा पहिल्यावर उमटलेंच नाहीं, तर त्या खेपेचे सारे निकाल बाद. श्रम वायां गेलेसें वाटेल. परंतु चुकीच्या नकारानें एका स्त्रीला उपयोगी पडणारें औषध मिळत नाहीं, आणि चुकीच्या होकारानें दुसरीला, हृदयावर परिणाम करूं शकणारें महागडें औषध विनाकारण घ्यावें लागतें.